वाद्य गाते तेव्हा ते कोठे थांबते

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी जमाखर्चाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. नृत्य वाद्याच्या मागून जाते, वाद्य गीताच्या मागून जाते आणि म्हणून आधी गीताचा विचार करायचा, असा क्रम त्याने त्यात घालून दिला. त्याआधीच्या ‘नारदीय शिक्षे’त वीणाच दोन प्रकारची सांगितली आहे, एक लाकडाची आणि दुसरी देहाची. गळा हेच मूळ आणि वाद्याने त्याच्या मागून जावे ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की आजही एखाद्या वादकाला मनापासून दाद द्यायची झाली तर आपण ‘काय गाते हे व्हायोलिन’ असेच म्हणतो, आणि वादकालाही त्याहून मोठी दाद दुसरी कोणती वाटत नाही.

ही दाद देताना बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी असतात. वाद्याचा नाद गळ्याच्या जवळचा असला पाहिजे, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेने, मध्ये न तुटता जाता आले पाहिजे. दोन्ही खऱ्याच आहेत. पण पेटीवर साथ करायला शिकताना आणि त्याहून अधिक काळ नुसते ऐकताना माझे मत असे होत गेले आहे, की गळ्यासारखे वाजणे हा या अनुकरणाचा सोपा भाग आहे आणि गळ्यासारखे थांबणे हा अवघड भाग आहे. गायक थांबतो, कारण त्याचा दम संपतो. सारंगीच्या गजाला, म्हणजे तातीवरून फिरवायच्या कमानीला, दम लागत नाही. तो एका टोकाला पोचला की उलटा फिरवता येतो आणि मनात आणले तर पहाटेपर्यंत स्वर अखंड ठेवता येतो. त्यामुळे वाद्याने सोडलेली प्रत्येक शांत जागा ही वादकाने जाणून सोडलेली असते, आणि ते वाद्य खरोखर गात आहे की नाही याचा निकाल माझ्या लेखी तेथेच लागतो.

सारंगीकडे जरा जवळून पाहिले तर हे स्पष्ट होते. एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले हे वाद्य, पोटावर चामडे मढवलेले, वर आतड्याच्या तीन जाड ताती आणि त्यांच्याखाली तरफेच्या, म्हणजे वरच्या स्वरांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, पस्तीसएक बारीक तारा. डाव्या हाताची बोटे तातीवर वरून दाबली जात नाहीत. नखाच्या मुळाशी जी त्वचा असते ती तातीला बाजूने टेकवून सरकवली जाते. पडदा नाही, पट्टी नाही, त्यामुळे दोन स्वरांमधला सगळा प्रदेश मोकळा असतो आणि गळ्यातली बारीकशी हरकतही बोटाखाली येऊ शकते. वर्षानुवर्षे वाजवणाऱ्यांच्या नखांच्या मुळाशी घट्टे पडलेले असतात. आता वादकाने गज उचलला की काय होते ते ऐकावे. तात गप्प होते, पण ज्या स्वरांवर तरफा लावलेल्या असतात ते स्वर खालून काही क्षण तसेच उरतात. सारंगीची शांतता कोरी नसते. नुकत्याच वाजून गेलेल्या स्वरांचा उजेड तिच्यात असतो, आणि वादकाने पुढचा गज घाईने टाकला तर तो पुसला जातो.

याच वाद्याच्या वाट्याला शतकानुशतके जे काम आले ते मात्र नेमके उलटे होते. साथीची सारंगी गायकाच्या मागून सावलीसारखी जाते आणि गायक श्वास घ्यायला थांबला की त्याचे शेवटचे वाक्य उचलून ती जागा भरते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे कादरबक्ष यांची सारंगी असे. पदातली एखादी ओळ संपून दुसरी सुरू होण्याच्या मध्ये जी फट राहते ती सारंगीने धरून ठेवायची, म्हणजे नाट्यगृहातला सूर मोडत नाही. दुसऱ्याच्या शांततेत बोलणे हा सारंगियाचा पेशा होता. अशा माणसाला एकट्याने वाजवायला बसवले तर त्याच्यापुढची अडचण स्वरांची नसते, तानांची नसते. गायकाने मागे सोडलेली फट आता कोणी सोडणार नाही, ती त्याला स्वतःच निर्माण करावी लागते आणि मग ती न भरता राहावे लागते.

पंडित रामनारायण यांच्या कारकिर्दीकडे मी याच दृष्टीने पाहते. १९२७ साली उदयपुरात जन्मलेला हा कलावंत १९४४ साली लाहोरच्या आकाशवाणीवर साथीसाठी रुजू झाला, फाळणीनंतर दिल्लीला आला आणि १९४९ साली मुंबईत येऊन चित्रपटसंगीतात वाजवू लागला. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची तालीम त्यांना मिळाली होती, म्हणजे विलंबित लयीत एकेका स्वराला किती अवकाश द्यायचा याचे शिक्षण गायकाकडूनच झाले होते. १९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एकल वादनाचा प्रयत्न केला तेव्हा मोठ्या नावांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना फार वेळ वाजवू दिले नाही. दोन वर्षांनी मात्र त्यांचे एकल वादन लोकांनी मान्य केले आणि हळूहळू त्यांनी साथ करणे सोडून दिले. २०२४ साली ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतले आलाप ऐकताना मला सर्वांत थोर वाटते ती त्यांच्या गजाची शिस्त. एक वाक्य एका गजात, आणि गज संपतो तेथे वाक्य संपते. गज उलटा फिरवून वाक्य लांबवण्याचा मोह जेथे सहज होईल अशा ठिकाणी ते थांबतात, जणू छातीत तेवढाच वारा होता. ज्याने आयुष्याचा पूर्वार्ध गायकांच्या श्वासावर कान ठेवून काढला त्यालाच हे माप इतके अचूक कळू शकते.

व्हायोलिनवर हेच काम एन. राजम यांनी केले. कर्नाटक पद्धतीत तयार झालेला त्यांचा हात पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या तालमीत ख्यालाकडे वळला. आपल्या महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी हे एकाच वेळी श्रेष्ठ गायक आणि व्हायोलिनवादक होते. बुवांचे व्हायोलिन ऐकताना तर कोण कोणाच्या मागून जात आहे असा प्रश्न विचारण्यातच अर्थ उरत नाही, कारण दोन्ही ठिकाणी श्वास एकाच माणसाचा आहे.

येथे शार्ङ्गदेवाच्या क्रमाविषयी एक शंका घ्यावीशी वाटते. वाद्य गीताच्या मागून जाते हे खरे. पण किराणा घराण्याचे पूर्वज सारंगिये आणि बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, होते, अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वतःचा हात बीनेवर आणि सारंगीवर चालत असे, आणि इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ सारंगी वाजवीत. सुराला अखंड, तेलाच्या धारेसारखे ठेवण्याचा किराण्याचा जो ध्यास आहे तो गजाच्या वाद्यावरून गळ्यात आला असावा असे मला नेहमी वाटते. तसे असेल तर सारंगी गळ्याकडून शिकली आणि गळा सारंगीकडून. मात्र परतफेडीत गळ्याने अखंडपणा घेतला आणि थांबण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवला.

अमीर खाँसाहेबांनी तो अधिकार पुरेपूर वापरला. त्यांचा विलंबित झूमरा, चौदा मात्रांचा ताल, इतका संथ असे की आवर्तनात कितीतरी मात्रा केवळ तबल्याच्या आणि तंबोऱ्याच्या वाट्याला येत. १९६० साली निघालेल्या त्यांच्या मारवा आणि दरबारीच्या ध्वनिमुद्रिकेतला मारवा ऐकावा. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमात न ठेवता निषादात लावण्याची पद्धत आहे. आणि षड्ज, म्हणजे सा, वर्ज्य नसला तरी कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या जोरापुढे तो शक्य तितका लांबणीवर टाकायचा असतो. ऋषभावर येऊन गायक थांबतो, काही बोलत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या आत षड्जाची मागणी वाढत जाते. तंबोरा षड्ज देत असतो, गायक देत नाही. रागाचे सारे दुःख त्या न उच्चारलेल्या षड्जात साठते. ही शांतता काढून टाकली आणि केवळ गायलेले स्वर शेजारी शेजारी मांडले तर मारवा उरणारच नाही.

हिंदुस्थानी संगीतात आपण जिला शांतता म्हणतो तिच्याखाली तंबोरा असतो ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मिरजेत सतारमेकर मंडळींच्या दुकानांपैकी एका दुकानात मी बराच वेळ जवारी काढण्याचे, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा घासून नाद खुलवण्याचे, काम पाहत बसले होते. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेल्या या कारागिरीसाठी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. कारागीर घोडीचा माथा कानशीने घासायचा, तार चढवायचा, एकदा छेडायचा, पुन्हा उतरवून घासायचा. तो काय ऐकतो आहे हे मला आधी कळेना. माथ्याचा उतार योग्य झाला आणि तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकला, तेव्हा बोट उचलल्यावरचा तारेचा नाद एकाएकी फुलला. म्हणजे त्याचे सगळे लक्ष छेडल्यानंतरच्या काळावर होते. छेडण्याचा क्षण त्याच्या दृष्टीने झालेलाच होता. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार ऐकू येतो, जो कोणी लावलेला नसतो. त्या तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला तो उपस्वर आहे, आपले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि गायक गात असताना तो सहसा ऐकू येत नाही. तो ऐकायचा तर गायकाने थांबले पाहिजे.

तबल्यातही शांततेला ठरलेली जागा आहे. तीनतालाची नववी मात्रा खालीची, म्हणजे टाळी न देता रिकामी सोडायच्या जागेची. ठेका मनात म्हणून पाहावा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा काढून घेतलेला असतो, उजव्या हाताचा तबला तेवढा बोलत राहतो, आणि चौदाव्या मात्रेला डग्गा परत येतो तेव्हा सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आल्याचे न मोजताही कळते. सोळा मात्रांचे चक्र कानाला उमजते ते या चार मात्रांतल्या खालच्या रिकामेपणामुळे. ज्या तबलजीला खालीच्या जागीही डग्गा घुमवल्यावाचून राहवत नाही त्याच्यापुढे गाणे किती अवघड होते ते गायकांना विचारावे.

सतारीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे शांतता वादकाने आणायची नसते, ती आपोआप येत असते. तार छेडली की नाद क्षणाक्षणाने विरत जातो, आणि गळ्यासारखा स्वर धरून ठेवणे या वाद्याला स्वभावतःच शक्य नाही. उस्ताद विलायत खाँसाहेबांनी गायकी अंग सतारीवर आणले ते या उणिवेशी झगडून. एकदा छेडलेली तार पडद्यावरून बाजूला ओढत एकाच आघातात चार-पाच स्वरांपर्यंतची मींड घेताना शेवटचा स्वर येईपर्यंत नाद जवळजवळ संपलेला असतो. बोट मात्र अजून चाललेले असते. तो शेवटचा स्वर पुष्कळदा कानाला नीटसा पोचत नाही आणि तरी आपण तो ऐकतो, कारण ओढीची दिशा आपल्याला कळलेली असते. खाँसाहेब मैफलीत मध्येच वादन थांबवून बंदिशीची ओळ गाऊन दाखवीत आणि मग तीच सतारीवर वाजवीत. त्यानंतर सतारीत जे वाजलेले नसे तेही श्रोते ऐकू लागत. ज्या ठिकाणी चिकारीचा, म्हणजे बाजूच्या उंच षड्जाच्या तारांचा, मारा करून पोकळी झाकता आली असती तेथे त्यांनी ती उघडी ठेवली, हे मला त्यांच्या तयारीच्या तानांपेक्षा मोठे वाटते.

आता पेटीविषयी, जिच्याविषयी मी आपुलकीने आणि थोड्या काळजीनेही लिहिते. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, तिच्यात श्रुती, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म सूर, नाहीत, मींड नाही, हा मुख्य आक्षेप होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. पण आमच्याकडच्या थोर पेटीवादकांनी या आक्षेपाला वाजवूनच उत्तर दिले. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची साथ ऐकताना मींड नाही याची आठवण क्वचितच होते. एक पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी हलकेच दाबणे आणि त्याच क्षणी भात्याचा दाब किंचित उतरवणे, एवढ्यावर ते मींडेचा आभास उभा करीत. भाता ही पेटीतली खरी छाती आहे. माझ्या शिक्षकांनी पहिल्या काही महिन्यांत माझ्या उजव्या हाताकडे फारसे पाहिलेच नाही, डाव्या हाताकडे पाहत राहिले, आणि गायिकेने श्वास घेतला की भाता त्याच क्षणी हलका झाला पाहिजे, एवढे एकच सांगत राहिले.

म्हणूनच पेटीवरचा माझा आक्षेप श्रुतींचा नाही. तिच्यावर जागा भरणे फार सोपे आहे, ही खरी अडचण आहे. सारंगियाला गायकाच्या फटीत शिरायचे तर गज, नख आणि तरफा सांभाळाव्या लागतात. पेटीवाल्याची बोटे आधीच पट्ट्यांवर असतात. गायकाने ‘ए री’ म्हणून दम घेतला की लगेच पेटीतून ‘ए री’ येते, आणि गायकाने मुद्दाम सोडलेली जागा व दम संपल्यामुळे सुटलेली जागा यांत फरक केला जात नाही. आजच्या कित्येक मैफलींत हा फरक नाहीसा झालेला पाहून मला मनापासून वाईट वाटते. ध्वनिक्षेपकामुळे पेटीचा आवाज गळ्याइतकाच मोठा येतो, आणि स्वयंभू गंधार तर दूरच, तंबोरा मुळात लावला आहे की नाही हेही कळत नाही.

कुमार गंधर्वांच्या गाण्यात हा फरक जपला जात असे. १९४८ च्या सुमारास ते देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन, आणि त्यानंतरची सुमारे पाच-सहा वर्षे त्यांना गाता आले नाही. एक फुप्फुस निकामी झाल्यावर पूर्वीसारखी दमदार, लांब पल्ल्याची गायकी शक्य नव्हती. परत आल्यावर त्यांनी दम लपवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी लहान लहान वाक्यांत गाणे बांधले, स्वर एकदम टोकाला नेऊन अचानक सोडून दिला, आणि सोडल्यानंतरचा काळही आपल्याच मालकीचा असल्यासारखा वापरला. निर्गुणी भजनांत तर एखाद्या शब्दानंतर ते इतके थांबतात, की पुढची ओळ येणार नाही अशी भीती वाटावी. शरीराच्या सक्तीने आलेला विराम त्यांच्याकडे रचनेचा भाग झाला. वसंतराव आचरेकर त्यांच्या मागे साधा, भरीव ठेका धरून असत आणि त्या रिकाम्या जागांमध्ये एकही जास्तीचा बोल टाकीत नसत. गायकाची शांतता ओळखून तिला हात न लावणे ही साथीतली केवढी मोठी विद्या आहे, हे त्या मुद्रणांत ऐकू येते.

या सगळ्यात एका गोष्टीची खंत फार जुनी आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून, आणि तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा अधिक मावत नसे. तेवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप आणि ताना बसवायच्या म्हटल्यावर थांबायला वेळ कोठून मिळणार? त्या पिढीची गाणी आपण ऐकतो ती त्यांच्या शांततेशिवाय ऐकतो, आणि मैफलीत खाँसाहेब दोन वाक्यांमध्ये किती थांबत असतील याचा अंदाज आता त्यांच्या शिष्यपरंपरेवरूनच करावा लागतो. पुढे लांब वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, म्हणून तर अमीर खाँसाहेबांचा मारवा तसा जपला गेला.

आज वेळेची अडचण राहिलेली नाही. अनेक रसिकांच्या घरी खासगी बैठकींची जुनी मुद्रणे स्पूलवर आणि कॅसेटवर आहेत आणि ती संगणकावर घेण्याचे काम ठिकठिकाणी मोठ्या कळकळीने चालू आहे. हे काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की आवाज स्वच्छ करताना तंबोरा खरखरीबरोबर पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी, सुरुवातीचे तारा जुळवणे कापू नये, आणि दोन बंदिशींच्या मध्ये गायक गप्प बसलेला आहे तो भाग जसाच्या तसा ठेवावा.